बोटीवरची बक्षिसी आणि बोटीवरचा पगार

अंबरनाथ पूर्वेला ‘केबिन’ म्हटले की बी केबिन रस्ता आठवतो. गावाला हा शब्द रेल्वेने दिला. अलीकडे मात्र कानसई, खेर सेक्शन, शिवगंगानगर अशा वस्त्यांतून तो आणखी दोन अर्थांनी वापरला जाऊ लागला आहे. सुटीत ‘क्रूझ’ने गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाऊ पाहणारे कुटुंब समुद्र दिसणारी केबिन घ्यावी की आतली, याचा हिशेब मांडत असते, आणि हॉटेल मॅनेजमेंटचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला एखादा तरुण अशाच जहाजावर केबिन आवरण्याच्या नोकरीचे कंत्राट वाचत असतो. क्वचित ही दोन्ही माणसे एकाच घरातली असतात. दोघांच्या कागदांत एक ओळ मात्र समान असते. प्रवाशाच्या बिलात ती खर्चाच्या बाजूला येते, कर्मचाऱ्याच्या कंत्राटात उत्पन्नाच्या बाजूला. तिचे नाव ‘ग्रॅच्युइटी’.

या शब्दानेच पहिला घोटाळा होतो. आपल्याकडे नोकरदार माणसाला ग्रॅच्युइटी म्हणजे पाच वर्षांच्या सेवेनंतर, नोकरी सोडताना हाती पडणारी एकरकमी पुंजी एवढेच ठाऊक असते. प्रवासी जहाजावर मात्र ग्रॅच्युइटी म्हणजे टिप, अर्थात बक्षिसी. कंत्राटावर हा शब्द पाहून ‘निवृत्तीची सोयही आहे’ असा समज कोणी करून घेऊ नये. तशी सोय बहुतेक कंत्राटांत नसते.

मुंबईच्या धक्क्यावरून

मुंबईकरांना बोटीचा प्रवास नवा नाही. कोकण रेल्वे होण्याच्या कितीतरी आधी दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मालवण आणि पणजीकडे जाणाऱ्या आगबोटींत डेकवर पथारी पसरून हजारो चाकरमान्यांनी रात्री काढल्या आहेत. त्या बोटींतही केबिन असत, पण त्या थोड्यांसाठी. बोटीवर जाणे ही गरज होती; सहल म्हणून बोटीवर राहणे ही कल्पना येथे फार उशिरा रुजली. २००५ मध्ये स्टार क्रूझेस या कंपनीने ‘सुपरस्टार लिब्रा’ हे जहाज मुंबईत आणले, तेव्हा मध्यमवर्गीय प्रवाशाला तिची प्रथमच जवळून ओळख झाली. २०१६च्या अखेरीस कोस्टा कंपनीच्या ‘निओक्लासिका’च्या मालदीव फेऱ्या सुरू झाल्या. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ आली, २०१९ मध्ये ‘जलेश’ कंपनीचे ‘कर्णिका’ आले. करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, ‘जलेश’चा कारभार आटोपला आणि ‘कर्णिका’ अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेले. सप्टेंबर २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’चे ‘एम्प्रेस’ मुंबईहून फेऱ्या करू लागले. हे जहाज १९९० चे, मूळ रॉयल कॅरिबियन कंपनीसाठी बांधलेले. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबई बंदरातील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. अंबरनाथच्या प्रवाशाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत लोकलने साठेक किलोमीटर यावे आणि तेथून टॅक्सीने काही मिनिटांत धक्का गाठावा, इतके हे आता सोपे आहे. सामानासह सकाळच्या गर्दीची लोकल पकडणे मात्र टाळलेले बरे.

पोस्त नव्हे, पगार

मराठी माणसाला बक्षिसीचे शास्त्र शिकवावे लागत नाही. दिवाळीला पोस्टमनला पोस्त द्यायची, लग्नात आचाऱ्याला आणि वाढप्याला खुशाली द्यायची, हॉटेलात बिलाच्या ताटलीत सुट्टे पैसे ठेवायचे, हे सगळे अंगवळणी पडलेले असते. या सर्वांत एक गृहीतक असते, ते असे की घेणाऱ्याला त्याचा पगार अन्यत्र मिळतच आहे. आपण देतो ते वरचे. त्यामुळे काम आवडले तर द्यावे, नाही आवडले तर हात आखडता घ्यावा, यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

मोठ्या प्रवासी जहाजांवर हे गृहीतकच लागू पडत नाही. तेथे ‘सेवाशुल्क’ वा ‘ग्रॅच्युइटी’ म्हणून जी रक्कम प्रवाशाकडून दररोज घेतली जाते, ती खोली आवरणाऱ्याच्या आणि जेवण वाढणाऱ्याच्या वेतनाचाच भाग असते, आणि पुष्कळदा मोठा भाग असतो. याचे कारण या व्यवसायाच्या रचनेत आहे. जगातील बहुतेक प्रवासी जहाजांचे मालक अमेरिकेत वा युरोपात असले तरी जहाजांची नोंदणी बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा देशांत असते. जहाजावर कायदा चालतो तो ज्याचा झेंडा त्याचा. मायामीहून सुटणाऱ्या जहाजावर भारतीय किंवा फिलिपिनी वाढप्याला अमेरिकेचे किमान वेतन मागता येत नाही. अमेरिकी प्रवाशाला बक्षिसी देण्याची सवय आहे, हे धरून कंपन्यांनी मूळ वेतन कमी ठेवले आणि उरलेला भार प्रवाशावर टाकला.

पूर्वी हा व्यवहार पाकिटांतून होत असे. सफरीच्या शेवटच्या रात्री केबिनमध्ये कोरी पाकिटे ठेवली जात आणि प्रवासी ठरलेल्या वाढप्याच्या व केबिन स्ट्युअर्डच्या हाती ती देत असत. त्यासाठी वाढपी ठरलेला असावा लागे, म्हणजे रोज तेच टेबल, तीच वेळ. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० मध्ये हवे तेथे, हवे तेव्हा जेवण्याची पद्धत सुरू केली आणि ती इतरत्रही पसरली. रोज वेगळा वाढपी असेल तर पाकीट कोणाला द्यायचे? मग माणशी, दररोज ठरावीक रक्कम आपोआप खात्यात टाकायची आणि ती कर्मचाऱ्यांत वाटायची, असा रिवाज पडला. यात एक गोष्ट बरी झाली. जेवणघरामागे भांडी घासणारा, कपडे धुणारा, ज्याचे तोंडही प्रवाशाला दिसत नाही, त्यालाही काही कंपन्यांत या रकमेतून वाटा मिळू लागला. दुसरी गोष्ट मात्र अशी झाली की, हातात दिली जाणारी रक्कम बिलावरची एक ओळ बनली आणि बिलावरची ओळ खोडून घ्यायला संकोच वाटेनासा झाला.

चौघांच्या कुटुंबाचा हिशेब

सध्याच्या दशकात मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर हा आकार साधारणतः माणशी, दररोज १६ ते २० डॉलर असतो. ‘स्वीट’सारख्या मोठ्या खोल्यांना त्याहून अधिक. तान्ह्या मुलांचा अपवाद काही कंपन्या करतात, एरवी मुलांनाही तो पूर्ण लागतो. समजा, आई-वडील आणि दोन मुले सिंगापूर किंवा भूमध्य समुद्रातील सात रात्रींच्या सहलीला गेली आणि दर १८ डॉलर असला, तर चार माणसे, सात रात्री, म्हणजे ५०४ डॉलर झाले. डॉलर ८५ रुपयांचा धरला तरी ही रक्कम ४२,८४० रुपये होते. जाहिरातीत छापलेल्या भाड्यात ती बहुधा नसते. शिवाय पेयांच्या व स्पाच्या बिलावर १८ ते २० टक्के सेवाशुल्क वेगळे लागते. सहलीच्या शेवटी स्वागतकक्षापुढे जी रांग लागते, तिच्यात ‘हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते’ असे म्हणणारे बरेच असतात, आणि ते खरेही असते.

सगळीकडे असेच चालते असे मात्र नाही. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ पासून हे शुल्क भाड्यातच घातले. मरेला ही दुसरी ब्रिटिश कंपनीही तसेच करते. भारतीय किनाऱ्यावरच्या फेऱ्यांसाठी तिकीट काढताना मूळ भाडे, बंदरशुल्क, सेवाशुल्क आणि जीएसटी यांचे आकडे वेगवेगळे मागून घ्यावेत. एजंट ‘सगळे धरून’ असे म्हणाला तर या चारांपैकी काय काय धरले आहे, ते पावतीवर लिहून घ्यावे. बुकिंग करतानाच सेवाशुल्क भरून टाकण्याची सोय पुष्कळ कंपन्या देतात. तसे केल्यास शेवटच्या दिवशीचा धक्का टळतो.

आता हे शुल्क कमी करून घेता येते का? बहुसंख्य कंपन्यांत येते. स्वागतकक्षात जाऊन सांगावे लागते; काही ठिकाणी लेखी कारण द्यावे लागते. पण ते काढल्यावर नुकसान कोणाचे होते, हे प्रवाशाने जाणून घ्यायला हवे. कंपनीचे भाडे तिला आधीच मिळालेले असते. कमी होते ती वाटपाची रक्कम. कंत्राटात किमान हमीचे वेतन असेल तर त्या मर्यादेपर्यंत कंपनी भर घालते. हमीच्या वरचे जे मिळाले असते, ते बुडते. ‘आम्ही शुल्क काढले, पण आमच्या स्ट्युअर्डला रोख दिले’ हा युक्तिवादही दरवेळी टिकत नाही, कारण शुल्क काढून घेतलेल्या प्रवाशाने दिलेली रोख रक्कम सामाईक निधीत जमा करावी, असा नियम काही कंपन्यांत आहे. शुल्क भरून वर कोणी आनंदाने काही दिले तर ते मात्र त्या कर्मचाऱ्याचेच. आणि सेवा खरोखरच वाईट असेल तर ते पहिल्या दुसऱ्या दिवशी वरिष्ठाच्या कानावर घालावे. शेवटच्या रात्री शुल्क खोडून त्या वरिष्ठाचे काही बिघडत नाही.

जाता जाता एवढेच, की नावानिशी लिहिलेला चांगला अभिप्राय कर्मचाऱ्याला पुढच्या कंत्राटासाठी आणि बढतीसाठी उपयोगी पडतो. त्याला डॉलर लागत नाहीत.

तारवटी आणि आगवाले

बोटीवर वाढपी म्हणून जाण्याची वाट आजची नाही. एकोणिसाव्या शतकापासून पी अँड ओ आणि इतर ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर मुंबईत माणसे भरली जात. त्यात कामांची वाटणी जातीधर्मानुसार आणि गावानुसार ठरून गेली होती. डेकवरचे खलाशी कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे, त्यांच्यावर टंडेल आणि सारंग. इंजिनात कोळसा टाकणारे आगवाले. आणि भोजनगृह, पॅन्ट्री व केबिन सांभाळायला गोव्याचे ख्रिस्ती. मांसाचे वा मद्याचे कोणतेही सोवळे आड येत नसल्याने या शेवटच्या कामावर गोवेकरांचा जवळजवळ मक्ताच झाला. कोकणीत त्यांना ‘तारवटी’ म्हणतात. बोट मिळेपर्यंत मुंबईत राहायचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून धोबीतलाव, माझगाव भागात गावोगावचे ‘कूड’ उभे राहिले. एका गावच्या माणसांनी वर्गणीतून चालवलेली ती वसतिस्थाने. प्रत्येकाची पेटी आणि रात्री पथारीपुरती जागा. त्यांतील काही आजही आहेत.

आजच्या भरतीत गोव्याचा वाटा टिकून आहेच. त्यात मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरीच्या तरुणांची भर पडली आहे. मध्य रेल्वेच्या कल्याणपुढच्या पट्ट्यात आयुध निर्माणी आणि मोठ्या कारखान्यांतील नोकरी हा एके काळी घराचा आधार होता. त्या पिढीच्या मुलांना तशी नोकरी मिळणे दुरापास्त झाले आहे. पंचतारांकित हॉटेलात उमेदवारी करून मिळणाऱ्या पगारापेक्षा बोटीवरचा आकडा मोठा दिसतो, आणि घरी विचारले की ‘मुलगा शिपवर असतो’ एवढ्या तीन शब्दांत सांगता येते.

हमी किती रकमेची?

कंत्राट वाचताना सर्वांत मोठ्या अक्षरांतला आकडा पाहून चालत नाही. जहाजावर साधारणपणे तीन प्रकारचे पगारदार असतात. कप्तान, इंजिनीअर, डेकवरचे अधिकारी आणि खलाशी यांना ठरावीक वेतन असते. बक्षिसीशी त्यांचा संबंध नसतो. वाढपी, साहाय्यक वाढपी, केबिन स्ट्युअर्ड, बारमधील कर्मचारी यांच्या वेतनाचे मूळ वेतन आणि सेवाशुल्कातील वाटा असे दोन तुकडे असतात. तिसरा गट ‘गॅली’तील मदतनीस, भांडी घासणारे, सफाई करणारे यांचा, त्यांना बक्षिसीचा वाटा अल्प किंवा मुळीच नसतो. ढोबळ मानाने सांगायचे तर या तिसऱ्या गटाची सुरुवात महिना ६०० ते ९०० डॉलरच्या आसपास होते आणि वाढपी वा केबिन स्ट्युअर्ड यांची एकूण प्राप्ती १,००० ते २,००० डॉलरच्या दरम्यान असते. कंपनी, मार्ग आणि प्रवाशांची संख्या यांनुसार ती बदलते. म्हणूनच एजंटाला विचारायचा प्रश्न ‘पगार किती’ हा नसून ‘हमी किती रकमेची आणि ती कंत्राटात कोणत्या कलमात लिहिली आहे’ हा आहे.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना खलाशाचे किमान मूळ वेतन ठरवते. २०२५ साठी ते महिना ६७३ डॉलर होते. पण हा आकडा डेकवरच्या अनुभवी खलाशासाठी आहे. हॉटेल विभागातील कर्मचाऱ्याला तो थेट लागू होत नाही. त्याचे वेतन कंपनीने खलाशी संघटनांशी केलेल्या सामूहिक करारावर अवलंबून असते. जाहिरातींत हा आकडा ‘सरकारी किमान वेतन’ म्हणून छापलेला दिसला तर सावध व्हावे.

कामाचे तास हा पगाराचाच दुसरा चेहरा आहे. या संघटनेच्या २००६ च्या सागरी श्रम कराराला भारताने ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार चोवीस तासांत किमान १० आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. दहा तासांची विश्रांती दोनांहून अधिक तुकड्यांत देता येत नाही आणि त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा हवा. प्रत्यक्षात हॉटेल विभागात रोज दहा-अकरा तास आणि आठवड्याचे सातही दिवस काम असते. कंत्राट सहा ते नऊ महिन्यांचे असले, तर तेवढे महिने रविवार नाही, गणपती नाही, दिवाळी नाही. जहाज बंदरात असताना मिळणारे दोन-चार तास हीच सुटी. आठवड्याला सत्तर तास धरले तर महिन्याचे तीनशे तास होतात. १,१०० डॉलरला तीनशेने भागून पाहावे. तासाला चार डॉलरही पडत नाहीत. हा आकडा वाईटच आहे असे नाही, पण तो माहीत असावा.

पाण्याच्या वर आणि पाण्याच्या खाली

प्रवाशांच्या केबिनचे सामान्यतः चार प्रकार असतात. आतली, म्हणजे खिडकी नसलेली, समुद्र दिसणारी, पण न उघडणाऱ्या खिडकीची, बाल्कनीची, आणि स्वीट. भाड्यातला मोठा फरक खिडकीचा आणि बाल्कनीचा असतो, जेवणाचा नव्हे. आतल्या खोलीतल्या प्रवाशालाही मुख्य भोजनगृह तेच असते. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागाची केबिन मागावी, तेथे हेलकावा सर्वांत कमी जाणवतो. वरच्या मजल्यावरची टोकाची केबिन महाग असूनही हलते अधिक. तिसऱ्या व चौथ्या प्रवाशाची झोपण्याची जागा बहुधा भिंतीतून वा छतातून खाली येणाऱ्या फळीवर असते. आजी-आजोबा सोबत असतील तर ही गोष्ट आधी विचारावी; शिडी चढून झोपण्याचे वय त्यांचे नसते. ‘गॅरंटी केबिन’ म्हणजे प्रकार नक्की, क्रमांक कंपनीच्या मर्जीने. नाचगाण्याच्या दालनाखालची किंवा स्वयंपाकघरावरची खोली टाळायची असेल तर जहाजाचा नकाशा पाहून क्रमांक निवडावा आणि त्याचे जास्तीचे पैसे मोजावेत. इस्त्री आणि विजेची किटली घरी ठेवावी. आगीच्या भीतीने त्या जहाजावर जप्त होतात.

कर्मचाऱ्यांच्या केबिन खालच्या मजल्यांवर, पुष्कळदा पाण्याच्या पातळीच्याही खाली असतात. खिडकीचा प्रश्नच नसतो. खालून जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा मुख्य बोळ असतो. अमेरिकेतील महामार्गावरून त्याला कर्मचारी ‘आय-९५’ म्हणतात. सामान, कचरा, कपड्यांचे ढिगारे, धावणारी माणसे, सगळे त्याच बोळातून. वाढपी आणि स्ट्युअर्ड यांना बहुधा दोघांत एक खोली मिळते. एकावर एक दोन पलंग, दोन कपाटे, एक न्हाणीघर. २००६ च्या कराराप्रमाणे नव्या प्रवासी जहाजांवर दोघांच्या खोलीचे क्षेत्रफळ किमान साडेसात चौरस मीटर असावे लागते, तिघांच्या खोलीचे साडेअकरा, चौघांच्या खोलीचे साडेचौदा. साडेसात चौरस मीटर म्हणजे सुमारे ८१ चौरस फूट. चाळीतली दहा बाय दहाची खोलीही याहून मोठी असते. हा करार अमलात येण्यापूर्वी, म्हणजे ऑगस्ट २०१३ पूर्वी, बांधलेल्या जहाजांना बांधणीचे हे निकष लागू होत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. खोलीतला सोबती कोण असेल हे कंपनी ठरवते. तो दुसऱ्या देशाचा आणि दुसऱ्या पाळीचा असू शकतो. घरी बोलण्याची सोय पूर्वी महागड्या कार्डांवर होती. डिसेंबर २०२४ पासून अमलात आलेल्या सुधारणेने कर्मचाऱ्यांना इंटरनेट देण्याची, आणि शुल्क घेतलेच तर ते वाजवी ठेवण्याची, अपेक्षा मालकावर घातली आहे.

सुरक्षेच्या कवायतीत मात्र वरचे आणि खालचे एकाच धाग्याने बांधलेले असतात. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून ३२ जण मृत्युमुखी पडले. त्यांतला सर्वांत शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, सापडलेला मृतदेह मुंबई परिसरातून गेलेल्या एका भारतीय वाढप्याचा होता. त्यानंतर नियम बदलला आणि जहाज सुटण्यापूर्वी वा सुटताच कवायत घेणे बंधनकारक झाले. ती चुकवून खाण्याच्या दालनात रेंगाळणाऱ्या प्रवाशाला शोधत फिरणारा माणूस बहुधा त्याचाच केबिन स्ट्युअर्ड असतो.

कांजूरमार्गचा रस्ता

नोकरीसाठी लागणारे कागद ठरलेले आहेत. पासपोर्ट, नौवहन महासंचालनालयाचा इंडोस क्रमांक, सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदपुस्तिका, मान्यताप्राप्त डॉक्टरचा वैद्यकीय दाखला, आणि एसटीसीडब्ल्यूचे मूलभूत अभ्यासक्रम, ज्यांत समुद्रात तग धरणे, आग विझवणे, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा आणि जहाजाची सुरक्षितता यांचा समावेश होतो. जहाज अमेरिकेच्या बंदरांत जाणार असेल तर सी-वन/डी व्हिसा. महासंचालनालयाचे कार्यालय कांजूरमार्ग पूर्वेला आहे. अंबरनाथहून मध्य रेल्वेनेच जाता येते. बहुतेक अर्ज आता ऑनलाइन होत असले तरी ‘आमच्या ओळखीने काम होईल’ असे सांगणाऱ्या मध्यस्थापेक्षा हा रेल्वेचा पास स्वस्त पडतो.

फसवणूक होते ती नेमकी येथे. खलाशी पुरवणाऱ्या संस्थेकडे आरपीएसएल हा परवाना असावा लागतो आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. अशा संस्थेला उमेदवाराकडून नोकरी लावून दिल्याबद्दल शुल्क घेण्यास मनाई आहे. उमेदवाराने स्वतः करायचा खर्च म्हणजे पासपोर्ट, सीडीसी आणि वैद्यकीय दाखला. प्रशिक्षणाची फीही बहुधा त्यालाच भरावी लागते. व्हिसाचा खर्च मालकाचा असतो, जहाजापर्यंत आणि परत घरापर्यंतच्या प्रवासाचाही. ‘सिक्युरिटी डिपॉझिट’, ‘प्रोसेसिंग’, ‘जॉइनिंग किट’ अशा नावांनी लाखाची रक्कम मागितली जात असेल, तर आईचे दागिने गहाण टाकण्यापूर्वी परवान्याचा क्रमांक मागावा. क्रमांक दिला तरी तो यादीत त्याच नावाने आणि चालू स्थितीत आहे का, हे स्वतः पाहावे. दुसऱ्याच्या परवान्याचा क्रमांक छापणारे फलकही असतात.

बारा महिन्यांत आठ पगार

घरच्या माणसांनी समजून घ्यायचा हिशेब हा आहे. समजा, आठ महिन्यांचे कंत्राट आणि महिना १,१०० डॉलरची प्राप्ती. एकूण ८,८०० डॉलर झाले. कंत्राट संपल्यावरचे महिने सहसा बिनपगारी असतात आणि पुढचे कंत्राट कधी मिळेल हे निश्चित नसते. ते वर्षात एकदाच मिळाले असे धरले तर महिन्याला सरासरी ७३३ डॉलर, म्हणजे ८५ रुपयांच्या दराने सुमारे ६२,००० रुपये पडतात. पहिल्या महिन्याचा ‘९३,५०० रुपये’ हा आकडा पाहून अंबरनाथ-बदलापुरात दोन खोल्यांच्या फ्लॅटचा हप्ता ठरवला तर घरी बसलेल्या चार महिन्यांत तो भरणार कोठून? भविष्यनिर्वाह निधी नाही, वैद्यकीय विमा कंत्राटापुरता. २०२० च्या मार्चमध्ये जगभरची प्रवासी जहाजे थांबली तेव्हा हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. ‘मरेला डिस्कव्हरी’ या जहाजावरील सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईसमोर समुद्रात खोळंबले होते. केंद्राने नियमावली काढल्यानंतर २३ एप्रिलला त्यांना धक्क्यावर उतरता आले. उतरल्यावर कित्येकांना पुढचे कंत्राट येण्यास वर्षाहून अधिक काळ लागला.

कंपनीच बुडाली तर काय, याची तरतूद अलीकडच्या नियमांत आहे. दोन महिन्यांचा पगार थकला, मायदेशी पाठवण्याचा खर्च मालकाने उचलला नाही किंवा अन्नपाण्याची सोय थांबवली, तर कर्मचाऱ्याला ‘वाऱ्यावर सोडले’ असे मानले जाते. जानेवारी २०१७ पासून अशा प्रसंगासाठी मालकाने विमा वा तत्सम आर्थिक हमी घेतलेली असावी लागते. तीतून चार महिन्यांपर्यंतचे थकलेले वेतन आणि परतीचा प्रवास मिळतो. त्या हमीचे प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल असे लावलेले असते, त्याचे छायाचित्र पहिल्याच आठवड्यात घरी पाठवून ठेवावे. भारतीय बंदरात जहाज अडकले असेल तर २०१७ च्या नौदावे कायद्यानुसार जहाजाच्या विक्रीतून येणाऱ्या पैशांवरील सागरी हक्कांत कर्मचाऱ्यांच्या वेतनाला अग्रक्रम आहे. तक्रार महासंचालनालयाकडे, तसेच मुंबईतील नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडियासारख्या खलाशी संघटनांकडे नेता येते.

प्राप्तिकराच्या बाबतीत ‘शिपवाल्याला टॅक्स नसतो’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. आर्थिक वर्षात भारतातील मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी भरला तर कर्मचारी अनिवासी ठरतो, आणि परदेशी जहाजावर भारताबाहेर केलेल्या कामाचा पगार एनआरई खात्यात जमा झाला एवढ्यावरून तो येथे करपात्र होत नाही, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने एप्रिल २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. मुंबई-गोवा-लक्षद्वीप अशा देशांतर्गत फेऱ्यांवरचे दिवस मात्र परदेशातले म्हणून मोजता येत नाहीत. आठ महिन्यांचे कंत्राट डिसेंबरात सुरू होऊन जुलैत संपले, तर ते दोन आर्थिक वर्षांत विभागले जाते आणि दोन्ही वर्षांत भारतातला मुक्काम १८२ दिवसांच्या वर जाऊ शकतो. दिवस मोजताना सीडीसीतील ‘साइन ऑन’ आणि ‘साइन ऑफ’ या नोंदी महत्त्वाच्या ठरतात. त्यामुळे जहाज सोडताना या दोन्ही तारखा बरोबर लागल्या आहेत का, हे तेथेच तपासून घ्यावे. घरी आल्यावर त्या दुरुस्त करून घेणे फार जिकिरीचे होते.